जॉब कार्ड कोण वाटतं: बडोद्यातल्या एका शिकाऊ मेकॅनिकचं प्रकरण

हे सगळं खरं घडलेलं आहे, नावं तेवढी बदललीत. मुलाला आपण सागर म्हणू. डीलरशिप कुठली, कंपनी कुठली, कुठल्या रस्त्यावर, हे विचारू नका, बडोदं त्या बाबतीत लहान गाव आहे, दोन खुणा दिल्या की तिसरी लोक स्वतःच लावतात. मी स्वतः बरीच वर्षं सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर आणि मग वर्कशॉपचा मॅनेजर होतो, आता घरी असतो, आणि या प्रकरणात सल्ला देणारा काका म्हणजे मीच. एक सल्ला चुकीचाही दिला, तो खाली येईलच.

पार्श्वभूमी

सागर दांडिया बाजारातला. घरात मराठी, गल्लीत गुजराती, वर्कशॉपमध्ये हिंदी. वडील पतपेढीत क्लार्क, आई दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घेते. पणजोबा कलाभवनात शिकलेले, सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेलं ते कलाभवन, आणि ही गोष्ट त्या घरात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर सांगितली जाते. त्यामुळे हाताने काम करण्याचं वावडं नाही असं घरचे म्हणतात, पण मुलाची नखं काळी दिसली की आईचा चेहरा उतरतो तो उतरतोच.

दहावीला ५८ टक्के. गणिताचा कंटाळा, पण मिक्सर, पंखा, शेजाऱ्यांची अ‍ॅक्टिव्हा, काहीही उघडून बसणार. म्हणून आयटीआय, ट्रेड मेकॅनिक मोटर व्हेइकल, दोन वर्षांचा. आता वर्ष बघा, २०२०. म्हणजे पहिल्या वर्षातला बराच भाग मोबाइलवर गेला. इंजिन ओव्हरहॉल त्याने व्हिडिओत बघितलं, व्हॉल्व्ह लॅपिंग पीडीएफमध्ये वाचलं. दुसऱ्या वर्षी एक सर चांगले मिळाले, इलेक्ट्रिकलवाले, त्यांनी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज-करंट मोजायचा मीटर, मात्र मुलांच्या हातात दिला, आणि पुढे जे घडलं ते त्या एका मीटरमुळे घडलं असं मला वाटतं.

सप्टेंबर २०२२ मध्ये एका कार डीलरशिपमध्ये एक वर्षाची अ‍ॅप्रेंटिसशिप लागली. रीतसर पोर्टलवर करार, स्टायपेंड महिना ७००० रुपये, आयटीआय झालेल्याला तेव्हा २०१९ च्या नियमांप्रमाणे तेवढा तर द्यावाच लागायचा, आणि त्यातला पाव भाग, जास्तीत जास्त १५००, नॅपस या अ‍ॅप्रेंटिसशिपच्या योजनेत सरकारकडून यायचा. सागरचे वडील म्हणाले, पेट्रोल आणि सेव-उसळ निघाली म्हणजे झालं, पोरगं शिकतंय ना.

अडचण

शिकत नव्हतं. हे कळायला आम्हाला पाच महिने लागले.

पहिले दोन महिने वॉशिंग. ठीक आहे, सगळे तिथूनच जातात, मीही गेलोय. मग पीएमएस बे, म्हणजे ठरावीक किलोमीटरची सर्व्हिस. ऑइल काढ, फिल्टर बदल, एअर फिल्टर झटक, ब्रेक पॅड बघ, व्हील नट आवळ, पुढची गाडी. जानेवारीपर्यंत डोळे मिटून ड्रेन प्लग काढता येईल इतका हात बसला. पण गाडीतले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरला हात लावला नव्हता, क्लच उतरवताना पाहिलाही नव्हता, एसीचं गेज दुसऱ्याच्या हातात लांबून बघितलेलं. प्रदूषणाचे बीएस-६ नियम एप्रिल २०२० पासून आल्यावर अर्धी बिघाडशोधणी तर स्कॅनर जोडायच्या त्या ओबीडीच्या सोळा पिनांच्या सॉकेटवरच होते, आणि त्या सॉकेटजवळ हा उभा राहिला तर कोणीतरी म्हणायचं, ए छोकरा, बाजूला हो, चहा सांग.

लोकांना वाटतं की डीलर वाईट, मुलांचं शोषण वगैरे. तसं सरळ नसतं. वर्कशॉप कसं चालतं ते बाहेरच्याला दिसत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. सकाळी अ‍ॅडव्हायझर गाडी घेतो, जॉब कार्ड उघडतो, म्हणजे त्या गाडीवर काय काम करायचं त्याचा कागद, कार्ड फ्लोअर सुपरवायझरकडे जातं आणि तो ठरवतो कुठलं कार्ड कोणाला. टेक्निशियनचा पगार ठरलेला, पण वर इन्सेन्टिव्ह असतो तो बिल झालेल्या लेबरवर. म्हणजे चटकन होणारं काम सगळ्यांना हवं. उरलं किचकट काम, गाडी कधी बंद पडते कधी नाही, वायरिंगचं लफडं, ते एका जुन्या इलेक्ट्रिशियनकडे, ज्याला सगळे उस्ताद म्हणायचे, स्कॅनरही त्याच्याच कपाटात. आता अ‍ॅप्रेंटिसचं नाव जॉब कार्डवर येतच नाही. त्याला शिकवायला अर्धा तास घालवला तर तो अर्धा तास कोणाच्याच बिलात दिसत नाही, उलट उस्तादची गाडी उशिरा निघते आणि गिऱ्हाईक काउंटरवर ओरडतं. सुपरवायझर काही दुष्ट माणूस नव्हता, संध्याकाळी सहाला डिलिव्हरीची लाइन मोकळी करायची एवढंच त्याच्या डोक्यात. करारात अभ्यासक्रम काय लिहिलाय याला तिथे काही किंमत नाही, सागर काय शिकणार ते कार्ड वाटणारा माणूस ठरवत होता, आणि तेही न ठरवता, आपोआप.

नोव्हेंबरमध्ये सागर माझ्याकडे आला होता. काका, मला नुसतं ऑइलच देतात. मी म्हणालो, सहा महिने तोंड बंद ठेव, झिज, मग देतील. आमच्या काळी असंच होतं. हा तो चुकीचा सल्ला. आमच्या काळी गाडीत तीन फ्यूज आणि एक डिस्ट्रिब्युटर होता, आणि अ‍ॅप्रेंटिस एका वर्षापुरता नसायचा, पाच-पाच वर्षं तिथेच असायचा, वाट बघायला वेळ होता. बारा महिन्यांच्या करारात सहा महिने थांब म्हणजे अर्धं शिक्षण सोडून दे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

बॅटरी उतरणारी गाडी

फेब्रुवारी २०२३. एक छोटी पेट्रोल गाडी तिसऱ्यांदा आली. मालक वयस्कर, मुलं परदेशात, गाडी फक्त रविवारी निघते. दर आठ दिवसांनी बॅटरी मेलेली. पहिल्यांदा बॅटरी चार्ज करून दिली, दुसऱ्यांदा वॉरंटीत नवी घातली, तिसऱ्यांदा आजोबा काउंटरवर बसून राहिले, म्हणाले आता मी उठणार नाही. अल्टरनेटर चार्जिंग १४.१ व्होल्ट, एकदम बरोबर. स्कॅनरवर कोड नाही. उस्ताद सुट्टीवर, भाचीचं लग्न होतं नडियादला.

गाडी मागे उभी करून ठेवली होती. सागरने जेवणाच्या सुट्टीत कोणाला न विचारता मीटर काढला. बंद गाडीत किती करंट जातोय ते बघायला बॅटरीच्या निगेटिव्हला सीरिजमध्ये मीटर अँपिअरवर लावला, आणि इथे त्याने एक गोष्ट बरोबर केली जी भलेभले करत नाहीत, तो थांबला. गाडी बंद केल्याबरोबर रीडिंग घेतलं तर आतली कंट्रोल युनिट जागीच असतात, करंट जास्त दिसतो आणि माणूस फसतो. दरवाज्याचं लॅच स्क्रू-ड्रायव्हरने बंद केलं म्हणजे गाडीला वाटेल दार लागलंय, किल्ली लांब ठेवली, आणि डबा खात बसला. अर्ध्या तासानंतर साधारण ५० मिलिअँपिअरच्या खाली यायला हवं. दाखवत होतं ४००.

मग फ्यूज एकेक उपटायच्या ऐवजी, कारण उपटून परत घातला की झोपलेलं युनिट परत जागं होतं, त्याने मीटर मिलिव्होल्टवर लावून प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर टेकवला. करंट वाहत असेल तर फ्यूजवर थोडासा व्होल्टेज ड्रॉप दिसतो, नसेल तर शून्य. आतल्या दिव्याच्या दहा अँपिअरच्या फ्यूजवर तीन मिलिव्होल्ट आले, म्हणजे ते ४०० मिलिअँपिअर तिथूनच जात होते. तिथे मागून जोडलेली एक वायर होती. ती वर आरशाजवळ डॅशकॅमपर्यंत, म्हणजे रस्त्याचं रेकॉर्डिंग करणाऱ्या कॅमेऱ्यापर्यंत. पार्किंग मोड चालू, म्हणजे गाडी उभी असतानाही कॅमेरा जागा, चोवीस तास.

हिशोब बघा, ०.४ अँपिअर गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला जवळजवळ साडेनऊ अँपिअर-तास, बॅटरी ३५ ची, चौथ्या दिवशी मेलीच.

खरी पंचाईत पुढे. तो डॅशकॅम बाहेरच्या दुकानातला नव्हता, याच डीलरशिपच्या अ‍ॅक्सेसरीज काउंटरने बसवलेला. म्हणजे चूक घरचीच. सागर आनंदाने सुपरवायझरकडे गेला, आणि सुपरवायझरने पहिलं वाक्य काय म्हणावं, "जॉब कार्ड वगर गाडीने हाथ नथी लगाडवानो." म्हणजे जॉब कार्डाशिवाय गाडीला हात लावायचा नाही. वरून सांगितलं गिऱ्हाइकासमोर एक शब्द बोलायचा नाही. संध्याकाळी वायर इग्निशनच्या लाइनवर घेतली, म्हणजे किल्ली फिरवली तरच कॅमेरा चालू, कार्डवर लिहिलं "वायरिंग चेक केलं", खाली सही उस्तादची, जो त्या दिवशी नडियादला जिलबी खात होता.

सागर त्या रात्री घरी म्हणाला, उद्यापासून जाणार नाही.

पर्याय

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील माझ्याकडे आले, अहो तुम्ही त्या लाइनीतले, सांगा काय करायचं. ओट्यावर बसून आम्ही तिघांनी, मध्ये सागरची आई पोहे घेऊन आली तेव्हा चौघांनी, हे पर्याय काढले.

सोडून मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका मल्टिब्रँड गॅरेजला जायचं. तिथला मालक ओळखीचा, ११,००० देतो म्हणाला, आणि सगळं काम करायला मिळेल, क्लच, सस्पेन्शन, वायरिंग, सगळं. सागरचा जीव याच्यावर. अडचण ही की करार अर्ध्यात तुटला की परीक्षा नाही, नॅशनल अ‍ॅप्रेंटिसशिप सर्टिफिकेट नाही, आणि तिथे कंपनीचं ट्रेनिंग, कंपनीचा स्कॅनर, सर्किट डायग्राम यातलं काही नाही. हाताला वळण लागेल पण कोणाचं लागेल हे मालकावर. त्या मालकाला मी ओळखतो, चांगला आहे, पण टॉर्क रेंच, म्हणजे नट ठरल्या जोराने आवळायचा पाना, त्याच्याकडे भिंतीवर शोभेला आहे.

डिप्लोमा. गुजरातमध्ये याला सी टू डी म्हणतात, दोन वर्षांचा आयटीआय झालेला मुलगा थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. वडिलांचा जीव याच्यावर. हालोलचा मोठा कार कारखाना २०१७ मध्ये बंद पडला तेव्हा त्यांच्या चुलत भावाचं बिऱ्हाड कसं हललं ते त्यांनी बघितलंय, त्यामुळे नुसत्या हातावर भरवसा नाही, हातात कागद पाहिजे. आणि लग्नाच्या बायोडेटात "डिप्लोमा" शब्द कसा दिसतो हेही होतंच, ते कोणी बोललं नाही एवढंच.

तिसरं, सागरच्या मामाने फोनवर सुचवलेलं, ईव्हीकडे वळ, पेट्रोलचं शिकून काय करतोस. मी म्हटलं, हाय व्होल्टेजच्या नारंगी केबलवाल्या गाडीला हात लावायच्या आधी साध्या बारा व्होल्टमध्ये करंट कुठे पळतो ते नीट कळू दे. विषय तिथेच संपला.

चौथं, तिथेच राहायचं पण काम बदलून मागायचं. हे कोणालाच आवडलं नाही. सागर म्हणाला, काका, ते देणार नाहीत.

आम्ही चौथं निवडलं, मार्चअखेरपर्यंत मुदत घालून, तोवर काही हललं नाही तर गॅरेज. कारण सांगतो. करारातले सहा महिने गेलेले, सहा उरलेले. सर्टिफिकेट सहा महिन्यांवर असताना सोडणं मला परवडणारं वाटत नव्हतं, आणि खरं म्हणजे आत्तापर्यंत कोणी नीट मागितलंच नव्हतं. कुरकुर केली होती, मागितलं नव्हतं.

काय केलं

पहिलं म्हणजे सागरने एका वहीत सहा महिन्यांत केलेलं काम आठवून लिहिलं, ट्रेडच्या अभ्यासक्रमातल्या मुद्द्यांसमोर. एका बाजूला ऑइल, फिल्टर, ब्रेक. दुसऱ्या बाजूला क्लच, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, एसी, फ्युएल सिस्टिम, इलेक्ट्रिकल, सगळं कोरं. ती दोन पानं बघून वडीलच गप्प झाले.

दुसरं, अ‍ॅप्रेंटिस कायदा १९६१ चा, त्यात मालकाने प्रत्येक अ‍ॅप्रेंटिसच्या प्रगतीची नोंद ठेवायची असते. डीलरशिपमध्ये ती कोण भरतं, सागरला माहीत नव्हतं. एचआरच्या मॅडम भरायच्या, दर महिन्याला, मागच्या महिन्याचं कॉपी-पेस्ट, वाईट हेतूने नव्हे, त्यांना क्लच आणि कॉफी मशीन यातला फरक माहीत असायचं कारण नाही.

सागरला मी सांगितलं, तक्रार करू नकोस, डॅशकॅमचा विषय तर अजिबात काढू नकोस, वही घेऊन थेट सर्व्हिस मॅनेजरकडे जा आणि म्हण, साहेब, परीक्षेला हे हे विचारणार, नोंदीत हे भरायला लागेल, मला कुठे उभं करता ते सांगा. कायद्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. वडील म्हणाले वकिलाची नोटीस देऊ, मी म्हटलं नोटीस दिली तर पोरगं सप्टेंबरपर्यंत परत वॉशिंगला.

मागितले होते इलेक्ट्रिकलचे आठ आठवडे, क्लच-गिअरबॉक्सचे सहा, एसीचे चार. मॅनेजरने वही उलटसुलट केली आणि इलेक्ट्रिकलचे सहा आठवडे दिले, बाकी "जमेल तसं". बदल्यात सागरने रोज संध्याकाळी टूल रूमची मोजणी करायची, गोट्या (सॉकेट) आणि पाने सतत हरवायचे. सौदा वाईट नव्हता. सुपरवायझर पंधरा दिवस फुगून होता, डोक्यावरून गेलास ना, आणि ते खरंच होतं.

उस्ताद परत आल्यावर गंमत झाली. त्याला कार्डावरची स्वतःची सही कळली होती. त्याने सागरला बोलावून विचारलं, फ्यूज उपटले की मिलिव्होल्ट बघितले? सागर म्हणाला मिलिव्होल्ट. उस्तादने कपाटाची चावी टेबलावर ठेवली. तेवढंच. त्या सहा आठवड्यांत कॅन लाइनच्या, म्हणजे गाडीतली कंट्रोल युनिट एकमेकांशी बोलतात त्या तारांच्या, सहा आणि चौदा नंबरच्या पिनांत ६० ओहम का यायला हवेत, १२० आले म्हणजे दोन टोकांपैकी एका टोकाचा रेझिस्टर गेला किंवा वायर तुटली, सर्किट डायग्राम आधी वाचायचा मग गाडी उघडायची, हे सगळं झालं. सहाचे नऊ आठवडे झाले कारण मॅनेजर विसरला आणि कोणी आठवण केली नाही.

जुलैमध्ये परत पेच. सी टू डीची अ‍ॅडमिशन सुरू झाली आणि करार संपणार सप्टेंबरमध्ये. आत्ता कॉलेज धरलं तर सर्टिफिकेट जातं, सर्टिफिकेट धरलं तर वर्ष जातं. वडील म्हणाले कॉलेज. सागर म्हणाला नाही. या वेळी मी मुद्दाम काही बोललो नाही, एकदा सहा महिने फुकट घालवले होते त्याचे. सागरने करार पुरा केला.

निकाल

परीक्षा पास, सर्टिफिकेट हातात. डीलरशिपने ठेवून घेतलं, १३,५०० वर, कायद्याने ठेवून घ्यायची सक्ती नसते त्यामुळे तेही नसे थोडके. क्लच पूर्ण उतरवायला मिळाला तो नोकरी लागल्यावर, अ‍ॅप्रेंटिस असताना नाहीच. एसी अजून कच्चा आहे.

२०२४ मध्ये सी टू डी घेतलं, फुल टाइम नोकरी सोडली, आणि तिसऱ्या सेममध्ये थर्मोडायनॅमिक्सला बॅकलॉग लागला. पहिल्या वर्षाचं गणित त्याने कधी केलंच नव्हतं, वर्गातली बाकीची मुलं करून आलेली. हे मला आधी सुचायला हवं होतं. शनिवार-रविवार तो त्याच मकरपुऱ्याच्या गॅरेजमध्ये जातो, मालकाने भिंतीवरचा टॉर्क रेंच खाली उतरवलाय असं कळलं. लिहितोय तेव्हा पाचवं सेम चालू आहे, बॅकलॉग अजून सुटलेला नाही.

त्या आजोबांना आजतागायत कोणी सांगितलं नाही की त्यांची बॅटरी कशाने मरत होती.

काय वेगळं करता आलं असतं

करारावर सही करायच्या दिवशीच विचारायला हवं होतं की कुठल्या महिन्यात कुठल्या बेमध्ये, आणि उत्तर कागदावर घ्यायला हवं होतं. त्या दिवशी सगळे गोड असतात. आम्ही विचारलं फक्त स्टायपेंड आणि सुट्टी.

वही सहाव्या महिन्यात लिहिली, ती पहिल्या दिवसापासून हवी होती. आठवून लिहिलेल्यात गाडीचे नंबर नव्हते, तारखा नव्हत्या, मॅनेजर हसून परत करू शकला असता, त्याने केली नाही हे नशीब.

सुपरवायझरला डावलून वर गेलो ते माझ्या सांगण्यावरून. आज असतो तर आधी त्याच्याकडे पाठवला असता, भले नकार मिळाला असता. कार्ड शेवटी तोच वाटतो, मॅनेजर बदलतात, आणि खरंच मेमध्ये बदललाच.

जेवणाच्या सुट्टीत कार्डाशिवाय गाडी उघडली यावर मात्र माझं मत अजून पक्कं होत नाही. मॅनेजर म्हणून मी त्याला रागावलोच असतो, मीटर चुकीचा लागला असता आणि एखादं कंट्रोल युनिट उडालं असतं तर भरलं कोणी असतं? आणि नियम पाळून बसला असता तर उस्तादने चावी टेबलावर ठेवली नसती. सागरला विचारलं तर म्हणतो, काका, परत तेच करीन, फक्त आधी सुपरवायझरला सांगीन की गाडीत बसून जेवतोय.

अ‍ॅडमिशन पुढच्या वर्षावर गेली, मधल्या वर्षात नोकरी होती पण कॉलेज नव्हतं, त्यात संध्याकाळी गणिताची शिकवणी लावता आली असती. सागरची आई हे तेव्हाच म्हणाली होती, पोहे वाढता वाढता, आणि आम्ही तिघेही कॅन लाइनवर बोलत होतो.